डिमस्टाईलबाई

मालवण, कुडाळ, कणकवली, सावंतवाडी. सिंधुदुर्गातल्या कुठल्याही इंजिनियरच्या ऑफिसात डोकावा. पडद्यावर ऑटोकॅडमध्ये घराचा नकाशा उघडा असेल तर बाई तिथं आहेतच. भेटीसाठी वेळ ठरवावी लागत नाही. कीबोर्डवर ‘डी’ दाबून एंटर मारला की त्यांचं दार उघडतं. पूर्ण नाव डायमेन्शन स्टाईल, पण ऑफिसात सगळे डिमस्टाईलच म्हणतात. काम एकच, पण जन्मभराचं: नकाशावरचं प्रत्येक माप कसं दिसेल ते ठरवायचं. अक्षर केवढं, टोकाला बाण की तिरपी रेघ, मापाची रेघ भिंतीपासून किती लांब, शून्य लिहायचं की गाळायचं, मीटर की फूट. भिंत किती लांब असावी यात बाईंना मत नाही. ते मालक आणि इंजिनियर बघून घेतात. ती लांबी पायाच्या चरात उभ्या असलेल्या गवंड्याला एका नजरेत वाचता यावी, एवढीच बाईंची जबाबदारी. आणि ती त्या फार मनावर घेतात.

घराणं जुनं आहे. ऑटोकॅड १९८२ सालचं. सुरुवातीच्या आवृत्त्यांत बाईंना चेहरा नव्हता. त्यांची एकेक आवड आकडा टाइप करून सांगावी लागे. डिमस्केल, डिमझिन अशी ती नावं अजूनही कमांड लाइनवर चालतात. त्याही आधी बाईंचा मुक्काम आरेखकाच्या मनगटात होता. टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर, रॉट्रिंगचं पेन आणि स्टेन्सिल यांच्या जोरावर प्रत्येक आरेखक आपल्या वळणाचे बाण काढी. बाणाची लांबी रुंदीच्या तिप्पट, हे ड्रॉइंगच्या तासाला घोटून घेतलेलं असे. अमोनिया प्रिंट बघून, हा नकाशा कोणाच्या हातचा, हे जाणकार सांगत. ते वळण आता एका खिडकीत सात टॅबमध्ये मांडून ठेवलं आहे. ऑटोकॅड सोडून झेडडब्ल्यूकॅडकडे किंवा ब्रिक्सकॅडकडे गेलात तरी बाई त्याच, सवयीही त्याच.

पहिली ओळख बहुधा भांडणानं होते, आणि कारण असतं बाईंचा आकार. मेट्रिक फाइल उघडली की समोर येणाऱ्या बाईंचं नाव आयएसओ-२५. हे २५ म्हणजे अडीच मिलिमीटरची अक्षरं. भारतीय मानक ब्यूरोनं १९८८ साली शाळा-महाविद्यालयांसाठी काढलेल्या एसपी ४६ या पुस्तकातही अक्षरांच्या उंचीच्या मालिकेत २.५, ३.५, ५, ७ मिलिमीटर अशी पायरी आहे. म्हणजे बाईंचं म्हणणं रीतसर आहे. पण ते कागदावरचं. नवशिका पोरगा बारा मीटरची भिंत मिलिमीटरमध्ये काढतो, माप देतो, आणि त्याला रेघेवर मुंगीएवढा ठिपका दिसतो. तीच भिंत मीटरमध्ये काढली तर बाई अडीच मीटर उंचीच्या होऊन अख्खं माजघर झाकून टाकतात. नकाशा १:१०० ला छापायचा तर पडद्यावर अक्षर २५० मिलिमीटरचं हवं. मिलिमीटरच्या नकाशात डिमस्केलला १०० सांगितलं की बाई शांत होतात. २००८ च्या आवृत्तीपासून त्यांनी ‘अ‍ॅनोटेटिव्ह’ नावाची समजूतदार सवय लावून घेतली आहे. कागदाचं प्रमाण सांगा, उंची त्या स्वतः ठरवतात. आकाराचा हट्ट मात्र सुटलेला नाही: छापलेल्या कागदावर अडीच मिलिमीटर म्हणजे अडीचच.

दुसरा गुण सोवळेपणाचा. मोजायच्या भिंतीला बाईंची रेघ कधी शिवत नाही. भिंतीच्या कोपऱ्यापासून ०.६२५ मिलिमीटर सोडून ती निघते आणि मापाच्या रेघेपलीकडे १.२५ जाऊन थांबते. एकाच कडेपासून चार मापं एकावर एक द्यायची झाली तर दोन रेघांत ३.७५ अंतर राखलं जातं. पडवी, माजघर, मागचा ओटा आणि शेवटी अख्खं घर अशा ओळी बाई न सांगता लावतात. हे सोवळं उगाच नाही. ही रेघ भिंतीला चिकटली की छापील कागदावर भिंत कुठं संपली आणि माप कुठं सुरू झालं ते कळेनासं होतं. घाईत कोणी ते अंतर शून्य केलं तर नकाशा लगेच गबाळा दिसतो. का दिसतो ते अनेकांना सांगता येत नाही, पण डोळ्याला खुपतं.

दागिन्यांची हौस दांडगी. बाणांची यादी उघडली की भरीव बाण, पोकळ बाण, ठिपका, तिरपी रेघ, चौकोन असा सगळा डबा पुढ्यात येतो. यंत्राचे सुटे भाग काढणारे भरीव बाण घालतात, घरं बांधणारे तिरप्या रेघेवर खूश असतात. कुठे काय घालावं याची जाण बाईंना आहे. मालवणकडच्या घराच्या नकाशात परसात चिऱ्यांनी बांधलेली गोल विहीर असतेच. सरळ भिंतींना तिरपी रेघ शोभते, पण विहिरीच्या व्यासाला तीच रेघ लावली तर काय मोजलं आहे तेच समजत नाही. म्हणून बाईंच्या हाताखाली लेकी आहेत: सरळ मापांची एक, कोनाची एक, त्रिज्येची एक, व्यासाची एक. व्यासाच्या लेकीला बाण द्या, कौलांच्या उताराचा कोन दाखवणारीला बाण द्या, थोरलीला तिरपी रेघ ठेवा. एकाच स्टाईलच्या पोटात सगळ्या गुण्यागोविंदानं नांदतात आणि माप देताना योग्य ती आपणहून पुढे येते.

अडचणीच्या जागी मात्र बाईंचा जीव गुदमरतो. चार इंचांची पडदी, खिडकीशेजारचा अर्ध्या फुटाचा तुकडा, संडासाच्या दारामागचा कोपरा. एवढ्याशा फटीत आकडाही मावत नाही आणि बाणही. मग बाई एकाला बाहेर काढतात. बाणाला की आकड्याला, हे ‘फिट’ नावाच्या टॅबमध्ये आधी सांगून ठेवावं लागतं. सांगितलं नाही तर त्या आपल्या मनानं निवडतात, आणि पडदीचा आकडा शेजारच्या खिडकीवर येऊन बसतो. अशा वेळी नकाशात एकही माप चुकीचं नसतं, तरी खिडकी चुकीच्या जागी बसू शकते. आकडा हलवला तर त्याच्यामागे पातळ रेघ यावी, ही परवानगीही तिथंच देता येते. बाई आनंदानं पाळतात.

शून्यांच्या बाबतीत त्यांच्याइतकं काटेकोर कोणी नाही, आणि इथं लक्ष देणं सर्वांत गरजेचं. साइटवर दाराची रुंदी वाचताना ०.९० आणि .९० यांत जमीन-अस्मानाचं अंतर पडतं. पुढचं शून्य गाळण्याची मुभा बाई देतात, पण साइटवर नकाशा जातो तो घडी पडलेला, सिमेंटचे हात लागलेला, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवलेला. त्यात ठिपका पहिला हरवतो आणि उरतं नुसतं ९०. शून्य असलं की निदान शंका तरी येते. आयएसओ-२५ बाईंची आणखी एक युरोपातली सवय आहे: दशांशाला त्या ठिपका देत नाहीत, स्वल्पविराम देतात. साडेतीन मीटरला ३,५ लिहितात. आपल्याकडे स्वल्पविराम हजार-लाखाचा, त्यामुळे वाचणारा चक्रावतो. नवी फाइल सुरू केली की प्रायमरी युनिट्समध्ये जाऊन हा स्वल्पविराम बदलणं, हा कोकणातल्या ऑफिसातला पहिला संस्कार.

बाईंचं खरं कौतुक त्यांच्या भाषांचं. सिंधुदुर्गात एकाच घराची मापं तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी बोलली जातात. नगरपरिषदेत मंजुरीचा नकाशा मीटरमध्ये. आरसीसीचं डिझाइन करणारा मिलिमीटरमध्ये. गवंडी फूट-इंचात, आणि सुतार त्याच्याही पुढे जाऊन सुतात. आठ सूत म्हणजे एक इंच, एक सूत म्हणजे सव्वातीन मिलिमीटरला किंचित कमी. दहा मिलिमीटरची सळई साइटवर तीन सुतीच असते, बारा मिलिमीटरची चार सुती. नकाशात ३५०० लिहिलं असलं की गवंडी वर बघून विचारतो, “सायबानू, ह्येचे फूट किती होतले?” तोंडी हिशोब सुरू होतो आणि चुकायला तिथंच वाव मिळतो. बाईंकडे यावर उपाय तयार आहे. ‘अल्टरनेट युनिट्स’ चालू करा, आर्किटेक्चरल पद्धत निवडा, मिलिमीटरच्या नकाशाला गुणक ०.०३९३७ ठेवा, आणि अचूकता एक अष्टमांश इंच. आता ३५०० च्या शेजारी चौकटी कंसात ११'-५ ३/४" येतं. अकरा फूट, पाच इंच, सहा सूत. एक अष्टमांश इंच म्हणजे एक सूत, हे ज्याच्या ध्यानात आलं त्यानं बाईंना सुताराशी बोलायला शिकवलं. चिऱ्याच्या भिंतीत दोन सूत इकडे-तिकडे खपून जातात. फणसाच्या लाकडाची चौकट बसवताना नाही खपत.

पण भाषांतर करणाऱ्याला आकडे पूर्ण करावे लागतात, आणि तिथं बाईंच्या पोटात एक गुपित असतं. एका ओळीत तीन गाळे घ्या, प्रत्येकी बारा फुटांचे. बारा फूट म्हणजे ३.६५७६ मीटर. दोन दशांश सांगितले असतील तर बाई प्रत्येक गाळ्यावर ३.६६ लिहितात. तिघांची बेरीज १०.९८. आणि खालच्या एकूण मापावर लिहितात १०.९७, कारण छत्तीस फूट म्हणजे १०.९७२८. दोन्ही ठिकाणी बाईंचं बरोबरच आहे, कारण प्रत्येक माप त्यांनी आतल्या खऱ्या लांबीवरून वेगळं पूर्ण केलं. पण टेबलापलीकडचा माणूस कॅल्क्युलेटरवर बेरीज करतो, एक सेंटिमीटरचा फरक काढतो आणि नकाशा परत येतो. इलाज बाईंना दटावण्यात नाही. नकाशा मीटरमध्ये द्यायचा आहे तर गाळाच ३.६५ किंवा ३.६६ चा काढायचा. दिसणं आणि असणं एक केलं की बेरीज जुळते.

स्वभावानं बाई सत्यवचनी. भिंत ओढून लांब करा, माप आपोआप बदलतं. त्यांना आठवण करावी लागत नाही. खोटं बोलायला त्यांना माणूस लावतो. मापावर दुहेरी क्लिक करून खरा आकडा पुसायचा आणि हवा तो टाइप करायचा, ही सोय सॉफ्टवेअरनं दिलेली आहे. खोली ४.८५ ची, नकाशावर ५.००. त्या क्षणापासून ते माप मुकं होतं. पुढे भिंत दोन फूट सरकवली तरी तिथं ५.०० च राहतं, आणि चार महिन्यांनी तीच फाइल उघडणाऱ्या दुसऱ्या माणसाला काही पत्ता नसतो. मापाच्या पुढे-मागे शब्द जोडायचे असतील तर बाईंनी दोन कोनी कंस दिले आहेत: <>. त्यांच्या जागी खरं माप येतं, आणि शब्द त्याच्याभोवती लिहिता येतात. ‘<> चिऱ्याची भिंत’ असं लिहा. बाई खरंही बोलतील आणि तुमचंही ऐकतील. आकडा दडपून लिहिणं हा बाईंचा अपमान आहे, आणि त्याची भरपाई घर बांधणाऱ्याच्या खिशातून होते.

सत्यवचनी असल्या तरी त्यांना एक मोह आहे, अचूक दिसण्याचा. दशांशापुढे आठ घरांपर्यंत त्या लिहू शकतात. किनाऱ्यावर हा मोह महाग पडतो. १९९१ पासून सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, नियम आहेत, आणि २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दाट वस्तीत ५० आणि विरळ वस्तीत २०० मीटरचा ना-विकास पट्टा सांगितला आहे. देवबागसारख्या गावी एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली खाडी. तिथं घरासमोरचं सगळ्यांत मोलाचं माप घराचं नसतंच, भरतीरेषेपासूनच्या अंतराचं असतं. गावपातळीवरचे सीआरझेड नकाशे १:४००० प्रमाणाचे. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर चार मीटर, आणि भरतीरेषा अर्ध्या मिलिमीटर जाडीची असली तर ती रेघच दोन मीटर रुंद. अशा नकाशावरून रेघ उचलून बाईंनी २००.०३ लिहिलं, तर तो ०.०३ कुठून आला? गणित बाईंचं बरोबर असतं, मूळ रेघच तेवढी बारीक नसते. डिमस्टाईलमध्ये अचूकता ठरवताना आधी विचारावं की हे माप कशावरून घेतलं. भिंतीला मिलिमीटर शोभतो. भरतीरेषेला, जागेवर रीतसर मोजणी झालेली नसेल तर, नाही शोभत.

बाई कुठेही गेल्या तरी पावलं उमटवून जातात. पहिलं माप दिलं की फाइलमध्ये डेफपॉइंट्स नावाचा लेयर आपोआप तयार होतो, आणि जिथून जिथवर मोजलं तिथं बारीक ठिपके राहतात. हा लेयर पडद्यावर दिसतो, कागदावर कधीच छापला जात नाही. ही बाईंची खासगी खोली. तिथं चुकून कोणी भिंत काढली तर पडद्यावर घर पूर्ण दिसतं आणि प्रिंटमध्ये एक भिंत गायब होते. मग प्रिंटर बदलला जातो, केबल हलवली जाते, शाईला नावं ठेवली जातात. जाणती माणसं आधी लेयर बघतात.

परक्या घरी बाई यजमानाचं ऐकतात. दुसऱ्या ऑफिसातून आलेला नकाशा आपल्या फाइलमध्ये चिकटवला आणि दोन्हीकडे स्टाईलचं नाव सारखंच असलं, तर पाहुण्या बाई आपला पोशाख टाकून यजमानीणबाईंचा चढवतात. एका क्षणात सगळ्या मापांची उंची, बाण, दशांश बदलतात. हे होऊ नये म्हणून शहाणी ऑफिसं नावं विचारपूर्वक ठेवतात: नावातच प्रमाण आणि एकक, आणि सगळ्या स्टाईल एका टेम्प्लेटमध्ये जपून. ‘न्यू १’, ‘कॉपी ऑफ स्टँडर्ड’, ‘फायनल’ अशा नावांच्या दहा बाई एकाच फाइलमध्ये दिसल्या की समजावं, इथं कोणी कोणाशी बोललेलं नाही. आणि त्यांतल्या एखादीच्या नावावर एक जरी माप असलं, तरी तिला घालवता येत नाही. आधी ते माप दुसरीच्या नावावर करून द्यावं लागतं.

हट्ट तात्पुरतेही पुरवतात. पुढच्या काही मापांपुरता बाण मोठा हवा, म्हटलं की मुख्य नावाखाली ‘स्टाईल ओव्हरराइड्स’ म्हणून वेगळी ओळ येते. पण दुसरी स्टाईल चालू केली की बाई ते हट्ट टाकून देतात, तेही आधी विचारून. दोन स्टाईलींत फरक काय, हे बघायचं असेल तर ‘कम्पेअर’चं बटण आहे; एकमेकींचं सगळं उणंदुणं बाई यादी करून पुढ्यात ठेवतात. तासभर डोकं खाजवण्यापेक्षा हे बरं.

एका ठिकाणी मात्र त्यांची सगळी शिस्त नरम पडते. मालवणसमोर कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग किल्ला. १६६४ मध्ये काम सुरू झालं, १६६७ मध्ये पुरं झालं. जुलै २०२५ मध्ये तो मराठा लष्करी भूदृश्यांचा भाग म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. सुमारे तीन किलोमीटरचा तट खडकाच्या कलानं वळत, आत-बाहेर होत गेलेला. अशा तटाचं माप बाईंनी नेहमीच्या रीतीनं दिलं, तर त्या दोन टोकांमधलं सरळ अंतर सांगतात, आणि त्यावरून चालणारा माणूस त्याहून जास्त चालतो. वळणाची लांबी हवी तर कमानीचं माप वेगळं मागावं लागतं, तेही वळणागणिक. घरात एक नियम शंभर भिंतींना पुरतो. इथं प्रत्येक तुकड्याला नवा विचार करावा लागतो. बाई तेही करतात. वेळ लागतो एवढंच.

ओळख झाली आहे तर एक कसोटी सांगून ठेवतो. ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर बाई कशाही देखण्या दिसतात, त्यावर जाऊ नये. नकाशा ए-३ वर छापावा, पायाचं काम चालू असेल तिथं न्यावा, आणि गवंड्याच्या हातात देऊन एखाद्या खिडकीचं माप वाचायला सांगावं. त्यानं डोळ्यांपासून हातभर लांब धरून, न विचारता, न अडखळता वाचलं, तर ती स्टाईल टेम्प्लेटमध्ये घालून सगळ्या ऑफिसाला वाटावी. तो अडखळला तर नेमका कशावर अडला ते विचारावं आणि परत येऊन खिडकीतला तेवढा एक रकाना बदलावा. बाईंचा स्वभाव याहून चांगल्या रीतीनं घडवता येत नाही.